कुडाळ स्टेशनजवळ छोटी घरं बांधायची आहेत, तर पार्किंग किती ठेवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुडाळात रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर तिघा भावांची वीस गुंठे सामाईक जागा आहे. थोरल्या भावाची इच्छा आहे की तिथे छोटी, परवडणारी घरं व्हावीत. ती नर्सना, एमआयडीसीतल्या कामगारांना, बाजारातल्या दुकानांत नोकरी करणाऱ्यांना, ओरोसला सरकारी कचेऱ्यांत जाणाऱ्यांना घेता आली पाहिजेत. बिल्डर म्हणतो, खाली पूर्ण स्टिल्ट (म्हणजे घरांऐवजी खांबांवरची मोकळी पार्किंगची जागा) आणि फ्लॅटमागे एक मोटार, नाहीतर फ्लॅट पडून राहतील. धाकटा भाऊ म्हणतो, स्टेशन उशाशी आहे तर मोटारीची जागा हवीच कशाला? मधले तुम्ही. तुम्हाला भीती अशी की पार्किंग कमी ठेवलं तर गाड्या वाडीच्या रस्त्यावर उभ्या राहतील आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी दुखावतील.

मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात इमारतींचे आराखडे करतो, त्यातही लहान सदनिकांचं काम जास्त. बिल्डर, धाकटा भाऊ आणि तुम्ही, तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण तिघंही एकाच आकड्यावर अडलेत: किती मोटारी. त्याआधी दुसरं विचारायला हवं. त्या मोटारीच्या जागेचे पैसे कोण भरणार, आणि जो भरणार त्याच्याकडे मोटार आहे का? छोट्या घरांच्या इमारतीत सगळा अन्याय इथेच होतो. ज्याच्याकडे फक्त स्कूटर आहे तो घराच्या किमतीत मोटारीच्या जागेचे पैसे भरतो, आणि ती जागा वापरतो दुसराच.

आधी स्टेशनबद्दल बोलतो, कारण धाकट्या भावाचं म्हणणं ऐकायला पटतं आणि अर्धंच बरोबर आहे. केंद्राच्या २०१७ च्या धोरणात स्टेशनभोवतालचा ५०० ते ८०० मीटरचा, म्हणजे पाच-दहा मिनिटं चालण्याचा पट्टा दाट वस्तीसाठी आणि कमी पार्किंगसाठी योग्य मानला आहे. पण ते धोरण मेट्रो, लोकल आणि बीआरटी (स्वतंत्र मार्गिकेतून धावणारी बस) डोळ्यांसमोर ठेवून केलेलं आहे. नवी मुंबईकडे, उलव्यात खारकोपर किंवा बामणडोंगरीला हे लागू पडतं. तिथे लोकल २०१८ मध्ये आली, जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत गेली, आणि सिडकोने मुद्दाम स्टेशनांलगत घरं बांधली. गाड्या सुरुवातीला विरळ होत्या, तरी माणूस सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी त्याच मार्गाने घरी येऊ शकतो.

कोकण रेल्वे तशी नाही. रोह्याच्या पुढे बहुतांश मार्ग एकेरी आहे. कुडाळला मांडवी थांबते, कोकणकन्या थांबते, तुतारी थांबते, दिवा-सावंतवाडी गाडी आहे. या गाड्या मुंबईला जायच्या-यायच्या. माणसाला रोज ओरोसच्या कचेरीत वेळेवर नेऊन संध्याकाळी परत आणण्यासाठी त्या आखलेल्या नाहीत. म्हणून स्टेशनजवळचं घर मुंबईत मुलगा असलेल्याला सोयीचं वाटतं, रोज कामावर जाणाऱ्याला त्याचा उपयोग कमी. रोजच्या माणसाचं खरं वाहन एसटी, आणि त्यानंतर सहा आसनी रिक्षा. तेव्हा तुमच्या जागेपासून स्टेशन किती मीटर यापेक्षा बसथांबा किती मीटर आणि त्या थांब्यावर पहिली व शेवटची गाडी किती वाजता, हे मोजा.

हे मोजायचं कसं तेही सांगतो. जी माणसं तिथे राहावीत असं तुम्हाला वाटतं, त्यांच्या कामाच्या वेळा एका कागदावर लिहा. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातल्या नर्सची रात्रपाळी केव्हा सुरू होते, केव्हा सुटते. एमआयडीसीतली पहिली पाळी किती वाजता. कापड दुकान रात्री किती वाजता बंद होतं. मग आगारात जाऊन वेळापत्रक घ्या आणि प्रत्येक वेळेसमोर जाण्याची आणि येण्याची गाडी लिहा. ज्या ओळीत दोन्ही रकाने भरतात, तो माणूस गाडीशिवाय राहू शकतो. जिथे परतीचा रकाना रिकामा राहतो, त्याला निदान स्कूटर लागणार, घर थांब्याला चिकटून असलं तरी. असा तक्ता मी केला की बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं: कचेरीवाल्यांचं एसटीवर भागतं, पाळीवाल्यांचं आणि दुकानवाल्यांचं भागत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोघं कमावत्या घरात बाई एसटीने आणि पुरुष दुचाकीने अशी विभागणी सर्रास दिसते. अशा घराला एक दुचाकी पुरते. मोटारीचा विचार त्यांच्या मनातही नसतो.

आता बिल्डरच्या स्टिल्टकडे येऊ. मोटार उभी करायची चौकट अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पण मोटारीला आत यायला आणि वळायलाही जागा लागते. नियोजनात एका मोटारीमागे उघड्यावर २३, स्टिल्टखाली २८ आणि तळघरात ३२ चौरस मीटर धरायची पद्धत आहे. आता २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत अत्यल्प उत्पन्न गटाच्या घराचं चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, किती होतं ते आठवा: जास्तीत जास्त ३० चौरस मीटर. म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर मिळून एका कुटुंबाला जेवढी जागा, जवळपास तेवढीच स्टिल्टखाली एका मोटारीला.

२८ चौरस मीटर म्हणजे सुमारे ३०० चौरस फूट. उदाहरणापुरता स्टिल्टचा खर्च फुटाला हजार रुपये धरला तर एका मोटारीमागे तीन लाख झाले. नऊ टक्क्यांनी वीस वर्षांच्या कर्जावर तीन लाखांचा हप्ता महिन्याला सुमारे २,७०० रुपये. वीस-बावीस हजार पगाराच्या माणसाला तो हप्ता झेपतो का, हे भावांनी एकत्र बसून बोलावं. तुमच्याकडचा खरा दर कंत्राटदाराकडून घ्या, आकडा बदलेल, पण हिशोब हाच राहील.

स्टिल्टचा दुसरा खर्च नकाशावर दिसत नाही. तळ अधिक तीन मजल्यांची इमारत जिन्यावर चालते. खाली स्टिल्ट घातला की तेवढ्याच घरांसाठी वरचं कुटुंब चौथ्या मजल्यावर जातं आणि मग लिफ्ट आलीच. लिफ्ट एकदा पैसे टाकून संपत नाही. तिचं वीजबिल, देखभालीचा वार्षिक करार, पावसाळ्यात खड्ड्यात शिरणारं पाणी, बंद पडल्यावर माणूस यायला लागणारे दिवस, हे सगळं दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये येतं. लहान घरांच्या सोसायट्या मोडकळीला येताना मी जवळून पाहिल्यात. बहुतेक ठिकाणी पहिली थकबाकी लिफ्टवरून सुरू होते: खालचे म्हणतात आम्ही वापरत नाही, वरचे म्हणतात सगळ्यांनी भरा. शिवाय स्टिल्टमुळे तळमजल्याची घरं जातात, आणि गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला किंवा अपंग माणसाला तीच हवी असतात.

तळघराबद्दल एवढंच: विषय काढू नका. जांभा दगड पाणी धरतो आणि पाझरवतो, कोकणातल्या पावसात पंप चार महिने बंद करता येत नाही, आणि तीन मीटर खाली उतरायला दहास एकच्या उताराने तीस मीटर लांब रॅम्प लागतो. वीस गुंठ्यांत तो बसवणं म्हणजे जागा वाया घालवणं. यांत्रिक पार्किंगही खाऱ्या हवेत टिकवायला सतत देखभाल मागतं, ते शहरातल्या महागड्या जमिनीला ठीक.

नियम काय मागतात? डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तीच नगरपंचायतींनाही लागू आहे. तिच्यात पार्किंग घराच्या आकाराप्रमाणे ठरतं. मोठ्या सदनिकेला मोटारी, मध्यम आकाराच्या दोन सदनिकांत मिळून एक मोटार, आणि ३० चौरस मीटरच्या आतल्या घरांना मोटार नाही, फक्त दुचाकी. त्या आकड्याला ज्याने गुणायचं तो गुणक, शहर जितकं लहान तितका कमी. म्हणजे ‘फ्लॅटमागे एक मोटार’ ही अट सरकारची नाही, बिल्डरची आहे. तुमच्या आर्किटेक्टला तक्ता समोर ठेवून तुमच्या सदनिकांसाठी किती येतं ते लिहून द्यायला सांगा, कारण नियमावलीत अधूनमधून दुरुस्त्या होतात. तो आकडा तुमची खालची मर्यादा. त्यापेक्षा जास्त किती ठेवायचं, हे तुमच्या हातात आहे.

आणि ते ठरवायला मी एकच रीत वापरतो: रात्री जाऊन मोजतो. तुमच्यासारख्याच आकाराच्या घरांच्या जवळपासच्या दोन-तीन इमारती निवडा, रात्री दहानंतर जा आणि उभ्या मोटारी व दुचाक्या वेगवेगळ्या मोजा. सकाळी अकराला जाऊन उपयोग नाही, तेव्हा माणसं कामावर असतात. एकदा पावसाळ्यातल्या साध्या वारी, एकदा आठवडा बाजाराच्या दिवशी, एकदा गणपतीत. मोजताना गाड्यांबरोबर स्टिल्टमध्ये आणखी काय आहे तेही पाहा. श्रावणात तुम्हाला दिसेल की मोटारींच्या आखलेल्या चौकटींत दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेत, कोपऱ्यात नारळांची रास आहे, पोरं क्रिकेट खेळतायत, आणि दुचाक्या मात्र बाहेर पावसात भिजतायत, सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधून. कारण स्टिल्टमधल्या जागा बिल्डरने मोटारींसाठी आखल्या आणि दुचाकीवाल्याला ‘कुठेही लावा’ म्हणून सांगितलं. मोटार भिजली तर बिघडत नाही. स्कूटर चार महिने भिजली की ब्रेक गंजतात, वायरिंग जातं, आणि ज्याची ती आहे त्याला दुरुस्तीचा खर्च जड जातो. छप्पर दुचाकीला द्या, मोटार उघड्यावर राहू दे. कोकणात हीच उलटी रीत सुलटी करायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या वीस गुंठ्यांवर मी काय करेन ते आकड्यांत मांडतो. हे कच्चं गणित आहे. रस्त्याची रुंदी, समासातली (हद्दीपासून मोकळी सोडायची) अंतरं आणि जमिनीचा उतार पाहून बदलेल. वीस गुंठे म्हणजे साधारण २,०२३ चौरस मीटर. समजा चाळीस घरं, तळ अधिक तीन, मजल्यावर दहा. जिना-पॅसेज धरून इमारतीने जमिनीवर घेतलेली जागा सुमारे ४५० चौरस मीटर. बिल्डरच्या म्हणण्याप्रमाणे चाळीस मोटारी हव्यात, तर सगळ्या उघड्यावर ठेवल्या तरी ९२० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ निम्मी जमीन. स्टिल्ट घातला तरी ४५० चौरस मीटरच्या स्टिल्टखाली २८ च्या हिशोबाने सोळाच मोटारी बसतात. उरलेल्या चोवीस बाहेरच. थोडक्यात, सोळा मोटारींसाठी लिफ्ट, चौथा मजला आणि गेलेली तळमजल्याची घरं.

याऐवजी बारा मोटारी उघड्यावर धरा: २७६ चौरस मीटर. पन्नास दुचाक्यांची छप्पर असलेली शेड, वळायच्या जागेसकट दीडशे ते पावणेदोनशे चौरस मीटर. इमारत, मोटारी आणि शेड मिळून नऊशेच्या आसपास. अकराशेवर चौरस मीटर समासांना, विहिरीला किंवा टाकीला, सेप्टिक टँकला, पायवाटेला आणि अंगणाला उरतात. अग्निशमनाची गाडी आत फिरायला वाट सोडा, तिथे कुणाचीही मोटार नको. दुचाकींची शेड मंजुरीच्या नकाशातच दाखवा. नंतर समासात पत्रे टाकले की ते अनधिकृत ठरतं आणि कटकट सोसायटीच्या गळ्यात पडते. शेडच्या खांबांतून वायरसाठी पाइप आत्ताच टाकून ठेवा, विजेवरच्या स्कूटर वाढतायत. आणि हे आवर्जून: मोटारींची जागा माडाखाली आखू नका. झाड तोडायचं मन होत नाही आणि नारळ पडला की भांडण सोसायटीत.

हा बाराचा आकडा मी मोजणीशिवाय धरलाय. तुमची रात्रीची मोजणी वीस म्हणाली तर वीस ठेवा, आठ म्हणाली तर आठ. उघड्या पार्किंगचा सगळ्यात मोठा फायदा हाच की ते चुकलं तर बदलता येतं. पाच वर्षांनी मोटारी वाढल्या तर अंगणाचा एक तुकडा पेव्हर टाकून घेता येतो, कमी झाल्या तर तिथे मुलांना खेळायला जागा होते. स्टिल्टचं घर करता येत नाही.

सगळी चाळीस घरं एकाच मापाची करू नका. तीसेक घरं तीस चौरस मीटरच्या आतली आणि दहा घरं मोठी, दोन बेडरूमची, शिक्षक-बँकवाल्यांसाठी. मोठ्या घरांच्या किमतीवर जमिनीचा थोडा जास्त वाटा टाकता येतो आणि छोट्या घरांचा दर खाली राहतो. बिल्डरलाही हे पटवणं सोपं जातं, कारण ज्याला मोटार हवीच आहे तो ग्राहक हातातून जात नाही.

पार्किंग घराच्या किमतीत धरायचं की वेगळं? माझं उत्तर: वेगळं, आणि शक्यतो विकायचंच नाही. कायदाही याच बाजूला आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका खटल्यात ठरवलं की उघडी किंवा स्टिल्टमधली जागा बिल्डरला सुट्या गॅरेजसारखी विकता येत नाही. महारेरानेही, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२१ मध्ये परिपत्रक काढून उघड्या पार्किंगचे पैसे घेता येत नाहीत हे स्पष्ट केलं. तुमचा भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आहे, त्यामुळे महारेराची नोंदणी लागेलच. उघड्या बारा जागा सोसायटीच्या मालकीच्या राहतील. सोसायटीने सर्वसाधारण सभेत शुल्क ठरवायचं. पहिली दुचाकी फुकट, दुसरीला थोडं, मोटारीला नीट पैसे. जागांपेक्षा मागणी जास्त झाली तर दर वर्षी चिठ्ठ्या टाकायच्या, सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही ही तरतूद आहे. मोटारीच्या पैशातून जिन्याचे दिवे आणि पाण्याच्या पंपाचं बिल निघालं, तर ज्याच्याकडे मोटार नाही त्याचा मेंटेनन्स कमी होतो.

मोठ्या घरांसाठी दोन-चार आच्छादित जागा ठेवल्याच, तर करारात त्यांची स्वतंत्र नोंद करा. २०२४ पासून महारेराने विक्री करारासोबत जोडपत्रात पार्किंगचा क्रमांक, लांबी-रुंदी-उंची आणि जागा दाखवणं बंधनकारक केलंय. जीएसटीचाही एक मुद्दा ध्यानात ठेवा. एप्रिल २०१९ पासून ४५ लाखांच्या आतल्या आणि ठरावीक चटई क्षेत्राच्या, बांधकाम सुरू असताना विकलेल्या घराला एक टक्का जीएसटी आहे, त्याच्या वर पाच टक्के. ती ४५ लाखांची मर्यादा मोजताना पार्किंगचे पैसेही त्यात धरतात. कुडाळात छोट्या घराला याचा प्रश्न येणार नाही. पनवेलकडे हा आकडा पार्किंगमुळेच ओलांडला जाऊ शकतो, म्हणून तिकडच्या वाचकांसाठी सांगितलं.

बिल्डरची भीती पूर्ण खोटी नाही, हेही सांगायला हवं. काही ग्राहक मोटारीची हमी नाही म्हणून परत जातील. पहिली काही घरं विकायला जास्त वेळ लागू शकतो. याला उपाय म्हणजे पहिल्या दिवसापासून स्पष्ट सांगणं: फलकावर, माहितीपत्रकात, करारात. ‘या इमारतीत मोटारीच्या जागा मर्यादित आहेत आणि त्या घराच्या किमतीत नाहीत.’ ज्याला हे चालतं तोच घेईल, आणि तोच तुम्हाला हवा असलेला माणूस आहे. तोंडी ‘बघू, करून देऊ’ म्हणून विकलेल्या घरांतून जी भांडणं होतात, ती ताबा दिल्यावरही मिटत नाहीत.

चाकरमान्यांचा विषय तुमच्या प्रश्नात नव्हता, पण कोकणात छोट्या स्वस्त घरांवर सगळ्यात आधी हात पडतो तो मुंबईकरांचा. कुणाला गावाजवळ हक्काची जागा हवी असते, कुणाला निवृत्तीसाठी. त्यांचा हक्क मी नाकारत नाही, तीही इथलीच माणसं आहेत. पण चाळीसपैकी पंधरा घरं अकरा महिने कुलूपबंद राहिली तर नर्सला घर मिळालं नाही, आणि वर्षभर रिकामी असलेली मोटारीची जागाही कुणाला वापरता येत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की तिघा भावांनी आपल्या वाट्याच्या घरांपैकी काही विकूच नयेत, भाड्याने ठेवावीत. रुग्णालयात बदलीवर आलेल्या मुलीला विकतचं घर नकोच असतं, तिला तीन वर्षांसाठी सुरक्षित खोली हवी असते. भाड्याच्या घराला मोटारीची मागणी आणखी कमी.

गणपतीत काय होईल, तेही सांगतो. दहा दिवस मुंबईच्या मोटारींनी सगळं भरून जाईल, बाराच्या जागी पंचवीस येतील. या दहा दिवसांसाठी पार्किंग बांधायचं नाही. अंगण मोकळं ठेवलंत तर तिथे दहा-बारा मोटारी दाटीवाटीने राहतात, उरलेल्यांसाठी शेजारच्या शाळेला किंवा मंडळाला विचारून मैदान ठरवून ठेवा. पावसात चिखल होतो, तेव्हा आधी चिऱ्याचा चुरा टाकून घ्या.

राहिली तुमची मुख्य भीती: रस्ता. ती खरी आहे, आणि जागा वाढवून ती जात नाही. मी अशा कितीतरी इमारती पाहिल्यात जिथे स्टिल्ट अर्धा रिकामा आणि मोटारी बाहेर रस्त्यावर, कारण आत घालायला मागे-पुढे करावं लागतं आणि बाहेर फुकट आहे. तेव्हा तुमच्या हद्दीसमोरच्या रस्त्याकडे लक्ष द्या. गटारावर झाकणं टाकून चालायची वाट करा. तिला थोडी उंच कड द्या म्हणजे मोटार चढणार नाही, रस्त्यावरून स्कूल बस आणि अग्निशमनची गाडी मात्र जाईल. नगरपंचायतीकडे वाहनं उभी न करण्याचा फलक मागा. आणि बांधकाम सुरू करण्याआधी शेजाऱ्यांना बोलावून नकाशा दाखवा, किती मोटारी, किती दुचाक्या, बाहेरच्या रस्त्याचं काय, हे समोरासमोर सांगा. त्यांच्या तक्रारी आधी ऐकल्यात तर त्यांतल्या अर्ध्या नकाशातच सुटतात.

त्याच पायवाटेवरून बसथांबा गाठायचा आहे, म्हणून तिच्यावर पैसे टाकायला कचरू नका. बारा मोटारींच्या जागेला जेवढं पेव्हर लागेल, त्याहून जास्त उपयोग थांब्यापर्यंतच्या उजेडाच्या, चिखल नसलेल्या वाटेचा होईल. रात्री नऊला शेवटच्या एसटीतून उतरलेली बाई अंधारात गटार चुकवत घरी येत असेल तर ती पुढच्या महिन्यात स्कूटर घेईल, आणि तिचा नवरा दोन वर्षांनी मोटार. थांबा लांब असेल तर आगार व्यवस्थापकांना लेखी अर्ज देऊन विनंती थांबा मागा. चाळीस घरांची यादी जोडलीत तर अर्जाला वजन येतं.

शेवटी, माझं हे उत्तर कुठे बदलेल ते सांगतो. तुमची जागा भंगसाळ नदीच्या पुराच्या पाण्यात येत असेल तर सगळा हिशोब फिरतो. चिपळूणचं उदाहरण घ्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत आणि एसटी स्टँडात शिरलं. तिथल्या सखल भागात तळमजल्यावर घर देणंच चुकीचं, म्हणून स्टिल्ट करावाच लागतो, आणि पार्किंग मग जवळजवळ आपोआप मिळतं. पण तिथेही पावसाळ्याच्या रात्री गाड्या उंचावर हलवायची जागा आधी ठरवावी लागते, नाहीतर बुडणाऱ्या त्याच असतात. म्हणून आर्किटेक्टकडे जाण्याआधी जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषेच्या नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर पाहून घ्या. रेषेबाहेर असेल तर वरचं गणित घेऊन बसा. आत असेल तर आधी जोत्याची उंची ठरवा, पार्किंगचं नंतर पाहू. सातबारा, पूररेषेचा उतारा, रस्त्याच्या रुंदीचा दाखला आणि तुमची रात्रीची मोजणी एवढं जमलं की पुढचा प्रश्न विचारा, तेव्हा सदनिकांच्या मापांपासून सुरुवात करू.